मायक्रोवेव्ह ओव्हनचा सुरक्षित वापर : भांडे कोणते घ्यावे आणि अन्न कसे तापवावे

नवा मायक्रोवेव्ह ओव्हन घरात आला की पहिले काही दिवस मनात धास्ती असते ती त्यातून बाहेर पडू शकणाऱ्या लहरींची. प्रत्यक्षात दार नीट बंद होत असेल आणि ओव्हन धडधाकट असेल, तर लहरींपासून इजा होण्याचा प्रसंग फार क्वचित येतो. हात पोळणे, भांडे तडकणे, ठिणग्या उडणे, आतले अन्न पेटणे हे जे अपघात खरोखर घडतात, ते बहुतेक वेळा चुकीच्या भांड्यामुळे किंवा घाईमुळे घडतात. म्हणून या लेखात बटणांपेक्षा भांड्यांचा आणि अन्न तापवण्याच्या क्रमाचा विचार अधिक केला आहे. बटणांची माहिती प्रत्येक ओव्हनच्या माहितीपुस्तिकेत असते आणि ती पुस्तिका एकदा सावकाश वाचून काढणे हे नव्या माणसाचे पहिले काम आहे.

आत नेमके काय घडते

ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन नावाची एक निर्वात नळी असते. ती विजेपासून सुमारे २४५० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरी तयार करते आणि त्या धातूच्या भिंतींनी वेढलेल्या पोकळीत सोडते. ही नळी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारसाठी वापरली जात होती. रेथिऑन कंपनीतील अभियंते पर्सी स्पेन्सर यांच्या १९४५ साली लक्षात आले की चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे राहिल्यावर खिशातले चॉकलेट वितळते, आणि त्यातून अन्न शिजवण्याची ही रीत पुढे आली. १९४७ मध्ये विक्रीला आलेला पहिला ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि तीनशे किलोहून अधिक वजनाचा होता. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन यायला १९६७ साल उजाडले.

पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण भाराची असते. लहरींचे विद्युतक्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलते, त्याच्याबरोबर हे रेणू वळण्याचा प्रयत्न करतात आणि त्यांच्या परस्परांतील ओढाताणीतून उष्णता निर्माण होते. अन्न तापते ते एवढ्यामुळेच. या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकणाऱ्या नसतात. त्यांच्यामुळे अन्न किरणोत्सारी होत नाही आणि ओव्हन बंद होताच, दिवा मालवल्यावर प्रकाश नाहीसा व्हावा तशा त्याही नाहीशा होतात.

नवख्या माणसाने दोन गोष्टी येथेच समजून घ्याव्यात, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यांवर उभ्या आहेत. पहिली अशी की लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच चांगल्या शिरतात, त्यापुढचा गाभा आजूबाजूच्या गरम भागाकडून हळूहळू तापतो. त्यामुळे ‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ ही समजूत बरोबर नाही. दुसरी अशी की भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून पोकळीत काही ठिकाणी जोरकस आणि काही ठिकाणी दुबळ्या होतात. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्याने असे जोरकस भाग साधारणपणे ६ सेंटिमीटरच्या अंतराने पडतात. फिरती तबकडी याच विषमतेवर उपाय म्हणून दिलेली असते, पण तिने ती पूर्ण जात नाही.

जागा आणि जोडणी

ओव्हन सपाट, मजबूत आणि कोरड्या पृष्ठभागावर ठेवावा. त्याच्या मागच्या, वरच्या आणि बाजूच्या झरोक्यांतून गरम हवा बाहेर पडत असते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा चहूबाजूंनी सोडावी आणि ओव्हनवर कापड, कागद किंवा डबे रचून ठेवू नयेत. शेगडीच्या अगदी शेजारी किंवा पाणी उडेल अशा जागी तो नको. लहान मुलांच्या चेहऱ्याच्या वर असलेल्या फळीवरही तो नको, कारण उंचावरून गरम द्रव उतरवताना तो अंगावर सांडण्याची भीती असते. जोडणी अर्थिंग असलेल्या, पुरेशा क्षमतेच्या स्वतंत्र सॉकेटमध्ये थेट करावी. लांबवायची वायर किंवा अनेक प्लग घेणारा जोड वापरू नये.

दार हा ओव्हनच्या सुरक्षिततेचा कणा आहे. काचेमागच्या धातूच्या जाळीची छिद्रे लहरीच्या लांबीच्या मानाने इतकी बारीक असतात की प्रकाश त्यांतून येतो आणि लहरी मागे परततात. दार उघडताच मॅग्नेट्रॉनचा वीजपुरवठा तोडणारे एकाहून अधिक स्विच कडीत बसवलेले असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओव्हनच्या पूर्ण आयुष्यात चालेल अशी गळतीची कमाल मर्यादा त्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट अशी ठरवली आहे, आणि अंतर वाढत जाते तसतसे हे प्रमाण झपाट्याने घटते. दार वाकले असेल, बिजागरी सैल झाली असेल, कडी नीट अडकत नसेल किंवा काच तडकली असेल, तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन चालवू नये. दाराच्या फटीत रुमाल किंवा कागद अडकू देऊ नये आणि उघड्या दारावर जड भांडे टेकवू नये.

भांड्यांची पारख

लहरींसमोर कोणताही पदार्थ तीनपैकी एका प्रकारे वागतो : तो त्यांना आरपार जाऊ देतो, शोषून घेतो किंवा परतवून लावतो. चांगले भांडे लहरी आरपार जाऊ देणारे असते. ते स्वतः तापत नाही. तापलेच तर आतल्या अन्नाच्या उष्णतेने तापते. हा एक नियम ध्यानात ठेवला की दुकानात किंवा घरातल्या मांडणीसमोर उभे राहून निर्णय घेणे सोपे जाते.

सर्वांत निश्चिंत पर्याय म्हणजे उष्णता सोसणारी जाड काच. बोरोसिलिकेट काच तापल्यावर फार कमी प्रसरण पावते, म्हणून तापमानातील फरक ती साध्या काचेपेक्षा अधिक सोसते. मला विचाराल तर नव्या माणसाने झाकणासह दोन-तीन काचेची भांडी घ्यावीत आणि सुरुवातीचे काही महिने तेवढ्यांवरच काम भागवावे. बाकीची पारख सवयीने येते. अर्थात कोणतीही काच अचानक बदलाला घाबरते. फ्रीजमधून काढलेले काचेचे भांडे लगेच पूर्ण शक्तीवर तापवू नये, आणि तापलेले भांडे ओल्या किंवा थंडगार ओट्यावर ठेवू नये. खाली लाकडी पाट किंवा घडी केलेले कोरडे फडके असावे. पाणी पिण्याचे पातळ पेले, नक्षीसाठी खोल कापलेली काच आणि शिशाचा अंश असलेली झगझगीत काच ओव्हनपासून दूरच राहिलेली बरी. चरा किंवा टवका गेलेले भांडे, ते कितीही उत्तम काचेचे असले तरी, बाजूला काढावे, कारण तडा तेथूनच सुरू होतो.

चिनी मातीची पूर्ण झिलईदार भांडी बहुधा चालतात, पण त्यांच्याकडे बारकाईने पाहावे लागते. काठावरची सोनेरी किंवा रुपेरी रेघ खऱ्या धातूची असू शकते आणि तिच्यावर ठिणग्या उडून रेघ काळी पडते. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील, तर त्यांतून धुण्याचे पाणी आतल्या मातीत मुरलेले असते. ते पाणी लहरी शोषते, भांडे अन्नापेक्षा अधिक तापते आणि उचलताना हात पोळतो. झिलई नसलेल्या मातीच्या भांड्यांचे हेच होते, शिवाय मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटूही शकतात. कपाचा कान वेगळा चिकटवलेला असेल, तर तो उष्णतेने निखळण्याची शक्यता असते.

प्लॅस्टिकबाबत सर्वाधिक गोंधळ आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. डब्याच्या तळाशी त्रिकोणात जो अंक असतो, तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. डबा ओव्हनमध्ये चालतो की नाही, याची ग्वाही तो देत नाही. ५ अंकाचे पॉलिप्रोपिलीन सुमारे १६० अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही, म्हणून ओव्हनसाठीचे बहुतेक डबे त्याचे असतात. १ अंकाच्या पातळ पाण्याच्या बाटल्या उकळत्या पाण्याच्या तापमानाखालीच मऊ पडतात, आणि ६ अंकाच्या पॉलिस्टायरीनच्या हलक्या फुगीर वाट्या गरम अन्नाने वाकतात, वितळतात. ३ आणि ७ अंकांची भांडीही, त्यांवर स्पष्ट खूण नसल्यास, टाळावीत. डब्यावर ओव्हनसाठी योग्य असल्याचे शब्द किंवा लाटांच्या रेघांचे चित्र असावे. भांडी धुण्याच्या यंत्रात चालते, अशी खूण म्हणजे ओव्हनची परवानगी असे समजू नये.

खूण असली तरी तिचा अर्थ मर्यादित आहे. पाणीदार अन्न साधारण १०० अंशांच्या आसपास थांबते, पण तेल, तूप आणि साखर त्याहून बरीच वर जातात, आणि अशा पदार्थाखालचे प्लॅस्टिक खरवडल्यासारखे खडबडीत होते. तेलकट आणि गोड पदार्थ काचेत किंवा चिनी मातीतच तापवावेत, हा माझा आग्रह राहील. आइस्क्रीम, लोणी यांसारख्या थंड वस्तूंचे रिकामे डबे थंड अन्न साठवण्यासाठी केलेले असतात, त्यांत काही तापवू नये. डाग पडलेला, पांढुरका झालेला, चरे गेलेला डबा अन्न तापवण्यातून निवृत्त करावा. तापलेल्या प्लॅस्टिकमधून काही रसायने अल्प प्रमाणात अन्नात उतरू शकतात आणि ती वाट उष्णतेने, चरबीने व जुनेपणाने रुंदावते; अन्न काचेत काढून घेण्याचे कष्ट अर्ध्या मिनिटाचे असतात.

मेलामाइनची भांडी वेगळी सांगायला हवीत, कारण ती दिसायला चिनी मातीसारखी, वजनाला हलकी आणि न फुटणारी असल्याने सहज आत ठेवली जातात. मेलामाइन स्वतः लहरी शोषून तापते, आणि फार तापल्यावर त्यातून मेलामाइन व फॉर्मल्डिहाइड अन्नात उतरू शकते. जर्मनीची जोखीम मूल्यांकन संस्था अशी भांडी ओव्हनमध्ये वापरू नयेत, असे सांगते. मेलामाइनच्या राळेत बांबूचा भुगा मिसळून केलेले ‘नैसर्गिक’ कप आणि ताटल्या याच वर्गात मोडतात.

धातूचे काय? ओव्हनच्या भिंती स्वतः धातूच्याच असतात, तेव्हा धातू आत गेला की स्फोट होतो, असे नाही. धातू लहरी परतवतो. स्टीलच्या वाडग्यातील अन्नाला बाजूंनी आणि खालून लहरी मिळत नाहीत, ते फक्त वरून तापते. आणि काट्याच्या टोकावर, पातळ कडेवर किंवा चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाच्या सुरकुत्यांवर विद्युतभार एकवटून ठिणगी उडते. ठिणगीने ओव्हनचा आतला लेप जळतो, जवळ कागद असेल तर तो पेटतो. म्हणून स्टील, तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, चमचे, काटे, डब्यांची धातूची कडी, पिशव्यांची तोंडे बांधायच्या तारा आणि कागदाला मारलेल्या पिना, हे सगळे मायक्रोवेव्ह चालू असताना बाहेर हवे. ज्या ओव्हनमध्ये गरम हवेवर भाजण्याची किंवा वरच्या जाळीने शेकण्याची सोय असते, तेथे फक्त त्या पद्धतीवर पुस्तिकेने सांगितलेली धातूची थाळी किंवा घोडी वापरता येते. येथे फसगत होण्याचा संभव फार असतो : आधीच्या माणसाने धातूची घोडी आत ठेवून दिलेली असते आणि नंतरचा माणूस न पाहता लहरी सुरू करतो. दोन पद्धती असलेल्या ओव्हनमध्ये बटण दाबण्यापूर्वी आत डोकावण्याची सवयच लावून घ्यावी. याउलट, लहरींत चालणारा प्लॅस्टिकचा डबा २०० अंशांच्या गरम हवेत टिकत नाही.

कागदापैकी साधा पांढरा, न छापलेला टिपकागद आणि भाजण्यासाठीचा चर्मपत्री कागद थोड्या वेळासाठी चालतो. वर्तमानपत्र, तपकिरी पिशव्या आणि पुनर्वापराच्या लगद्याचा कागद नको. त्यांत शाई आणि कधी धातूचे कण असतात व ते पेट घेऊ शकतात. बाहेरून आणलेल्या अन्नाच्या कागदी खोक्यांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तेही अन्न भांड्यात काढूनच तापवावे. लाकूड वाळून तडकते, म्हणून लाकडी वाडगे तापवण्यासाठी वापरू नयेत.

खूण नसलेल्या भांड्याची चाचणी

आवडते भांडे आहे, धातूचा अंश दिसत नाही, पण खूण पुसली गेली आहे, अशा वेळी एक सोपी चाचणी करता येते. रिकामे कोरडे भांडे तबकडीवर ठेवावे. त्याच्या शेजारी, किंवा ते पसरट असेल तर त्यातच, ओव्हनला चालणाऱ्या काचेच्या कपात सुमारे २५० मिलिलिटर पाणी ठेवावे. पूर्ण शक्तीवर एक मिनिट चालवावे आणि भांड्याला, कप टेकलेली जागा सोडून, जपून बोट लावून पाहावे. पाणी कोमट आणि भांडे थंड असेल, तर भांडे लहरी आरपार जाऊ देते. भांडे कोमट झाले असेल, तर ते फार तर अर्ध्या-एक मिनिटाच्या कामाला घ्यावे. भांडे गरम आणि पाणी गारच असेल, तर ते ओव्हनसाठी नाही. पाण्याचा कप विसरू नये, कारण त्याच्याविना ओव्हन रिकामा चालल्यासारखे होते. ही चाचणी भांडे तापते की नाही एवढेच सांगते. प्लॅस्टिकमधून काय पाझरते, हे तिच्यातून कळत नाही, आणि धातूच्या भांड्यावर किंवा धातूची रेघ असलेल्या भांड्यावर ती करूच नये.

ओव्हनची ताकद ओळखणे

एखाद्या पाककृतीत ‘तीन मिनिटे’ असे लिहिलेले असते, पण कोणत्या ओव्हनमध्ये, हे सांगितलेले नसते. घरगुती ओव्हनची लहरींची शक्ती साधारण ६०० ते १२०० वॉट असते. विजेचा वापर दाखवणारा मोठा आकडा वेगळा असतो, त्याच्याशी गल्लत करू नये. नवा ओव्हन आल्यावर एक लिटर थंड पाणी काचेच्या भांड्यात घेऊन त्याचे तापमान मोजावे, पूर्ण शक्तीवर नेमके ६० सेकंद तापवावे, ढवळावे आणि पुन्हा मोजावे. जितके अंश सेल्सियस वाढले, त्याला ७० ने गुणले की अदमासे वॉट मिळतात; १० अंश वाढले तर शक्ती सुमारे ७०० वॉट. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४२०० जूल लागतात आणि ते ६० सेकंदांत विभागले जातात, त्यातून हा ७० आला आहे.

हा आकडा कळला की वेळ बदलून घेता येते. १००० वॉटसाठी सांगितलेली तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. ७५० वॉटच्या ओव्हनला त्याच कामासाठी २४० सेकंद लागतील. शंका असेल तेव्हा कमी वेळ लावावी, कारण वेळ वाढवता येते, करपलेले अन्न परत आणता येत नाही. अन्नाचे प्रमाण दुप्पट झाले की वेळही बऱ्यापैकी वाढते, कारण तीच शक्ती अधिक अन्नात वाटली जाते.

अन्न तापवण्याचा क्रम

अन्न पसरट, गोल भांड्यात सारख्या जाडीने पसरावे. चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यांवर दोन बाजूंनी लहरी पडतात, तेथले अन्न वाळते. थर फार जाड असेल तर गाभा थंड राहतो. चार-पाच सेंटिमीटरपेक्षा कमी जाडी बरी. तुकडे असतील तर ते गोलाकार मांडून मधला भाग रिकामा सोडावा आणि जाड बाजू बाहेर ठेवावी. भातासारख्या कोरड्या अन्नावर चमचाभर पाणी शिंपडावे.

मग झाकण ठेवावे, पण घट्ट लावू नये. झाकण वाफ धरून ठेवते, त्यामुळे अन्न सारखे तापते आणि ओव्हनच्या भिंतींवर शिंतोडे उडत नाहीत. मात्र वाफेला बाहेर पडायला फट हवी. हवाबंद डबा, बूच लावलेली बाटली किंवा फिरकीचे झाकण घट्ट केलेली बरणी आत ठेवली तर वाढत्या दाबाने ती फुटते. पातळ पारदर्शक वेष्टन वापरायचे असेल तर ते ओव्हनसाठीचे असावे, एका कोपऱ्याला दुमडून फट ठेवावी आणि ते अन्नाला टेकू देऊ नये.

पूर्ण शक्ती सूप किंवा पातळ भाजीसाठी ठीक असते. घट्ट अन्नाला ६० ते ७० टक्के शक्ती आणि थोडी जास्त वेळ दिली तर कडा करपत नाहीत. ठरलेल्या वेळेच्या मध्यावर ओव्हन थांबवून अन्न काठाकडून मध्याकडे ढवळावे, ढवळता येत नसेल तर उलटावे. मला हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी हीच गाळली जाते. ओव्हन थांबल्यावर अन्न झाकूनच एक-दोन मिनिटे मुरू द्यावे. या काळात गरम भागातली उष्णता थंड भागांत पसरते. मोठ्या प्रमाणाला याहून अधिक वेळ द्यावी.

उरलेले अन्न पुन्हा तापवताना ते सर्वत्र ७४ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचावे, असा अन्नसुरक्षेचा संकेत आहे. काठ वाफाळत असले तरी मधला भाग कोमटच राहून त्यातील जिवाणू जिवंत राहू शकतात. अन्नाचा तापमापक असेल तर दोन-तीन ठिकाणी, विशेषतः मध्यभागी टोचून पाहावे. नसेल तर अन्न नीट ढवळून सगळीकडून कडकडीत वाफ येते का, हे पाहावे. कच्चे मांस अर्धवट शिजवून नंतरसाठी ठेवू नये.

भांडे बाहेर काढताना कोरडे जाड हातमोजे किंवा फडके वापरावे. ओल्या फडक्यातून उष्णता क्षणात हाताला पोहोचते. झाकण आपल्या विरुद्ध बाजूने उचलावे, म्हणजे वाफ चेहऱ्याकडे येत नाही.

पाणी, अंडी आणि बाळाचे दूध

पाणी हा दिसायला सर्वांत निरुपद्रवी पदार्थ, पण त्याचा धोका नव्या माणसाला ठाऊकच नसतो. शेगडीवर भांड्याच्या तळाशी बुडबुडे तयार होत राहतात आणि पाणी १०० अंशांना उकळते. ओव्हनमध्ये गुळगुळीत, स्वच्छ कपात बुडबुडा जन्माला यायला जागाच नसेल, तर पाणी १०० अंशांपलीकडे तापूनही शांत दिसते. मग कप उचलताना धक्का लागला, चमचा घातला किंवा कॉफीची पूड पडली की ते एकदम उसळते आणि हाता-तोंडावर येते. हे टाळण्यासाठी पाणी तापवण्यापूर्वी कपात लाकडी काडी किंवा लाकडी चमचा ठेवावा, गरजेपेक्षा जास्त वेळ लावू नये, एकदा तापलेले पाणी तसेच पुन्हा तापवू नये आणि ओव्हन थांबल्यावर किमान अर्धे मिनिट दार न उघडता थांबावे. कप काठोकाठ भरू नये. दुधाला हा धोका कमी, पण ते उतू जाते, म्हणून भांडे अर्धेच भरावे.

कवचासह अंडे ओव्हनमध्ये उकडू नये. आतली वाफ बाहेर पडू न शकल्याने ते फुटते, आणि कित्येकदा बाहेर काढल्यावर, हातात असताना किंवा घास घेताना फुटते. उकडून सोललेले अख्खे अंडे पुन्हा तापवतानाही हेच घडू शकते, म्हणून त्याचे तुकडे करावेत. न फेटलेले कच्चे अंडे घ्यायचे असेल तर पिवळा बलक टोचून घ्यावा. बटाटा, रताळे, टोमॅटो, वांगे अशा सालीच्या वस्तूंना काट्याने ठिकठिकाणी भोके पाडावीत. गोड सारण भरलेल्या पदार्थांचे आवरण कोमट आणि आतले सारण जीभ भाजेल इतके गरम असू शकते. ते मोडून, थांबून खावे.

बाळाची दुधाची बाटली ओव्हनमध्ये तापवू नये. बाटली बाहेरून कोमट लागते आणि दुधाच्या मध्ये कोठेतरी कढत भाग राहतो, त्याने बाळाचे तोंड भाजते. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून दूध कोमट करावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा. तळणीचे तेलही ओव्हनमध्ये तापवू नये, कारण त्याचे तापमान हाताळता येत नाही आणि ते पेटू शकते.

गोठलेले अन्न सोडवणे

बर्फातील रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, त्यामुळे बर्फ पाण्यापेक्षा फार कमी लहरी शोषतो. गोठलेल्या अन्नाचा एखादा भाग आधी वितळला की तो बाकीच्या लहरी ओढून घेतो आणि शिजू लागतो, तर शेजारचा भाग दगडासारखा राहतो. म्हणूनच यासाठी साधारण ३० टक्के शक्ती असते. बहुतेक ओव्हन ती लहरी मधूनमधून बंद-चालू करून साधतात. आवेष्टन आणि धातूचे चिमटे काढून टाकावेत, दर काही मिनिटांनी अन्न उलटावे, सुटलेले तुकडे वेगळे करावेत आणि पूर्ण मऊ होण्याआधीच थांबून उरलेले काम मुरण्यावर सोपवावे. असे सोडवलेले मांस लगेच शिजवावे, कारण त्याचे काही भाग जिवाणूंना मानवेल इतके कोमट झालेले असतात.

काही बिघडले तर

ठिणग्या दिसल्या की लगेच थांबवावे आणि धातूची वस्तू शोधावी. आत आग लागली तर दार मुळीच उघडू नये. ओव्हन बंद करावा, हाताशी असेल तर प्लग काढावा आणि ज्वाळा विझेपर्यंत वाट पाहावी. बंद दाराआड हवा अपुरी पडल्याने आग बहुधा स्वतःच विझते. ती बाहेर पसरू लागली तर घर सोडून अग्निशमन दलाला बोलवावे. मक्याच्या लाह्या, सुका पाव, कागदात गुंडाळलेले अन्न आत असताना ओव्हनपासून दूर जाऊ नये. ओव्हन रिकामा चालवू नये, कारण लहरींना शोषणारे काहीच नसले की त्या परत मॅग्नेट्रॉनकडे जाऊन त्याला अपाय करतात. कपडे वाळवण्यासाठी किंवा कागद सुकवण्यासाठी त्याचा वापर करू नये.

स्वच्छता आणि दुरुस्ती

भिंतींवर वाळलेले अन्न दर वेळी लहरी शोषते, जळते आणि पुढे तेथेच ठिणग्या उडू लागतात. काचेच्या वाडग्यात पाणी, लिंबाच्या फोडी आणि लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटे चालवावे, पाच मिनिटे दार बंद ठेवावे आणि मऊ झालेला मळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. तारेची घासणी वापरू नये. दाराच्या कडा आणि त्यांना टेकणारी चौकट तेलकट राहू देऊ नये, कारण तेथे थर साचला की दार नीट बसत नाही. काचेची तबकडी आणि खालचे चाकांचे कडे धुऊन, पूर्ण कोरडे करून परत बसवावे; गरम तबकडी थंड पाण्याखाली धरू नये.

आतल्या एका भिंतीवर राखाडी-तपकिरी रंगाचा पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा दिसतो. तो बहुधा अभ्रकाचा असतो आणि लहरी जेथून आत येतात ते तोंड झाकतो. तो आवेष्टन समजून काढून टाकू नये. त्यावर तेल साचून काळा डाग किंवा भोक पडले, तर धातू आत नसतानाही ठिणग्या उडतात. तेव्हा ओव्हन थांबवून तो तुकडा त्याच मॉडेलचा बदलून घ्यावा.

बाहेरचे कवच मात्र घरी कोणीही उघडू नये. आतील विद्युतधारित्रात काही हजार व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून जीव घेऊ शकतो. दार उघडे असताना ओव्हन चालू राहणे, चालवताना जळका वास येणे, पूर्वी नसलेला मोठा गुंजारव ऐकू येणे, अंगाला झिणझिणी लागणे, यांपैकी काहीही आढळले तर प्लग काढून ठेवावा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच तपासणी करून घ्यावी.